बाळंतविड्यासाठी लोकर आणि सुया निवडताना

मुलुंडच्या एका बाईंचा प्रश्न असा आहे. लेकीचे पहिले बाळंतपण नोव्हेंबरात त्यांच्याकडे व्हायचे आहे आणि बाळ तीन महिन्यांचे झाले की मायलेकरे जावयांकडे टोरंटोला जाणार आहेत. बाळंतविडा स्वतःच्या हातांनी विणायचा, असे त्यांनी ठरवले आहे. त्यांनी दुकानातून ‘बेबी वूल’ म्हणून चार गुंडे आणले. इंटरनेटवरच्या अमेरिकन नमुन्यात ६ नंबरच्या सुया सांगितल्या होत्या, म्हणून आईच्या डब्यातल्या ६ नंबरच्या सुया काढल्या, आणि विणलेला तुकडा मासळीच्या जाळ्यासारखा ढगळ झाला. लोकर वाईट निघाली, सुया बिघडल्या की आपला हात गेला, आणि नव्याने सामान घ्यायचे तर कोणते, किती व काय पाहून घ्यावे, असे त्या विचारतात.

हात गेलेला नाही आणि सुयाही बहुधा उत्तम आहेत. ६ नंबरचे कोडे पुढे उलगडते, पण आधी लोकरीचे पाहू. पार्ल्यात मी २७ वर्षे विणकामाचे वर्ग घेते आहे. चुकीच्या सुयांमुळे बिघडलेले काम उसवून पुन्हा करता येते. चुकीच्या लोकरीचे स्वेटर मात्र पूर्ण होतात, कौतुकाने दिले जातात आणि मग कपाटाच्या तळाशी जाऊन बसतात. याचे कारण असे की आपण लोकर दुकानात, बोटांनी निवडतो. गुंडा गालाला लावायचा, मऊ लागला की घ्यायचा. नवी लोकर मऊ लागतेच, कारण पुष्कळदा तिच्यावर मऊपणाचे फिनिश चढवलेले असते आणि काही धुण्यांत ते उतरते. म्हणून निवडीची सुरुवात घरी करावी: कपडा कोण घालणार, कुठल्या हवेत घालणार आणि तो धुणार कोण. यांतला तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि माझ्या अनुभवात बहुतेक कपडे तिथेच मरतात.

तुमच्या नातवंडाला दोन हवामानांचे कपडे लागतील. पहिले तीन महिने मुलुंडला, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी. या दिवसांत मुंबईत पहाटे थोडा गारवा असतो आणि दुपारी पंखा लागतो. इथे लोकरीचे काहीच नको. बारशाची कुंची, टोपडे, झबल्यावरचे बिनबाह्यांचे जाकीट हे सगळे सुती धाग्यात विणावे. सूत घाम शोषते, गरम पाण्यात धुता येते आणि टोचत नाही. मर्सराइज्ड सुताला चकाकी असते, ते मजबूत असते आणि रंग चांगला धरते, पण हाताला किंचित कडक लागते. कुंचीच्या काठाला किंवा वरच्या नक्षीला ते शोभते, अंगाला लागणाऱ्या भागासाठी साधे, चकाकी नसलेले मऊ सूत घ्यावे. सुताचा एक दोष आधीच लक्षात घ्यावा. त्याला लोकरीसारखी उसळी नसते. ताणलेला टाका मागे येत नाही, त्यामुळे सुती कपड्याची दोन सुलट दोन उलट अशी बॉर्डर लवकर सैल पडते आणि कपडा स्वतःच्या वजनाने लांबीला वाढतो. बॉर्डर एक-दोन नंबर बारीक सुईवर विणावी आणि गळा डोक्यातून ताणून घालण्याजोगा न ठेवता खांद्यावर उघडणारा ठेवावा.

‘बांबू’ या नावाने मिळणारा धागा हा बहुतांशी बांबूच्या लगद्यापासून केलेला व्हिस्कोज असतो. तो थंड, झुळझुळीत आणि सुंदर असतो, पण ओला झाला की त्याची ताकद कमी होते आणि तो लोंबतो. रोज धुण्याच्या कपड्याला मी तो वापरत नाही. ‘मिल्क कॉटन’ म्हणून विकले जाणारे गुंडे पुष्कळदा सूत आणि ॲक्रिलिक यांचे मिश्रण असतात. वाईट नसतात, पण नावावर न जाता लेबलवरची टक्केवारी वाचावी.

आता तुमच्या ‘बेबी वूल’विषयी. मराठीत आपण विणायच्या सगळ्याच धाग्याला लोकर म्हणतो आणि इथेच घोटाळा होतो. मुंबईच्या दुकानांत लोकर म्हणून जे समोर येते त्यातले बहुतेक ॲक्रिलिक असते, म्हणजे पेट्रोलियमपासून बनवलेला कृत्रिम तंतू. जुने दुकानदार अजून त्याला कॅशमिलॉन म्हणतात. हे मुळात एका जपानी कंपनीच्या ॲक्रिलिकचे व्यापारी नाव. वनस्पती तुपाला डालडा नाव चिकटले तसे ते आपल्याकडे सगळ्या ॲक्रिलिकला चिकटले. खऱ्या काश्मिरी लोकरीशी त्या धाग्याचा काही संबंध नाही. ‘बेबी’ हा शब्दही धाग्याची जात सांगत नाही; फिके रंग आणि मऊ फिनिश एवढाच त्याचा अर्थ बहुतेक वेळा असतो.

ॲक्रिलिकला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. ते स्वस्त असते, मशीनमध्ये धुता येते, त्याला कसर लागत नाही आणि शिकणाऱ्याने दहा वेळा उसवले तरी निभावते. पण ते घाम शोषत नाही, त्यामुळे मुंबईत बाळाच्या अंगावर घामोळे आणते. शिवाय ते आगीत वितळते आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. ज्या घरात बाळाला न्हाऊ घातल्यावर शेकशेगडी होते, धुरी दिली जाते, तिथे बाळाच्या किंवा बाळंतिणीच्या अंगावर ॲक्रिलिक असू नये. सूतही पेट घेते, तेव्हा शेगडीपासून अंतर हवेच. फक्त ते वितळून चिकटत नाही.

तुमचे चार गुंडे नेमके कशाचे आहेत हे घरी पाहता येते. लेबल हरवले असेल तर दहा सेंटिमीटरचा तुकडा कापावा, स्वयंपाकघरातल्या चिमट्यात धरावा, खाली पाण्याची ताटली ठेवावी आणि माचिसची काडी जवळ न्यावी. खरी लोकर कुरकुरत, नाइलाजाने जळते, जाळ बाजूला केला की बहुधा विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि मागे राहिलेली काळी राख चिमटीत चुरडते. सूत कागदासारखे भरकन जळते, वासही कागदाचाच येतो आणि राख करडी व हलकी असते. ॲक्रिलिक आक्रसते, वितळते, काळा धूर सोडते, आणि गार झाल्यावर टोकाला कडक काळा मणी राहतो, जो नखाने फुटत नाही. मिश्रणात दोन्ही लक्षणे एकत्र दिसतात. हा प्रयोग ओढणी किंवा पदर खोचून आणि पोरेबाळे दूर ठेवून करावा.

टोरंटोला फेब्रुवारीत पारा शून्याच्या बराच खाली असतो, तिथे खरी लोकर हवी. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओल पोटात घेतो आणि तरी ओलसर लागत नाही; कुरळेपणामुळे त्यात हवा अडकून राहते, तीच ऊब. पण लोकर म्हणजे सगळी एक नव्हे. तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. साधारण ३० मायक्रॉनच्या वरच्या जाड तंतूंची टोके कातडीला टोचतात. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर या रेषेच्या वरची, म्हणून घोंगडे वर्षानुवर्षे टिकते, पावसात उपयोगी पडते, आणि उघड्या अंगाला टोचते. मेरिनो मेंढीची लोकर साधारण १६ ते २४ मायक्रॉन असते आणि बाळासाठी त्यातलीही बारीक बाजू, १९-२० किंवा त्याखालची, बरी. आपल्या हाताच्या तळव्याला टोचणे कळत नाही. गुंडा मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा मानेला लावून दोन मिनिटे धरावा.

इथे तिसरा प्रश्न येतो: धुणार कोण? टोरंटोच्या घरात तान्ह्या बाळाची आई लोकरीचा स्वेटर हाताने, कोमट पाण्यात, न पिळता धुवून टॉवेलवर सपाट वाळवेल, ही अपेक्षा करू नये. कपडे मशीनमध्ये जाणार आणि तिथून ड्रायरमध्ये. लोकरीच्या तंतूवर माशासारखे खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कपडा आकसून नमद्यासारखा घट्ट होतो. माझ्याच हातून हे घडलेले आहे. भाच्यासाठी महिनाभर विणलेला शुद्ध लोकरीचा स्वेटर घाईच्या एका सकाळी मी बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकला. सहा वर्षांच्या मुलाचा स्वेटर बाहुलीला बसेल एवढा होऊन बाहेर आला, आणि तो परत ताणला जात नाही. म्हणून तुमच्यासाठी लेबलवर ‘सुपरवॉश’ लिहिलेली मेरिनो घ्यावी. यात खवल्यांवर प्रक्रिया करून ते झिजवलेले किंवा पातळ थराने झाकलेले असतात, त्यामुळे ती मशीनमध्ये चालते. हिचाही एक गुण ध्यानात ठेवावा: पहिल्या धुण्यात ती आकसण्याऐवजी सैलावते. ड्रायर चालेल की नाही हे लेबलवरच्या खुणांवरून पाहावे, कारण प्रत्येक सुपरवॉश लोकरीला तो चालत नाही. परवडत नसेल तर लोकर आणि ॲक्रिलिक यांचे मिश्रण हा प्रामाणिक मधला मार्ग आहे. मोहेर म्हणजे अंगोरा बकरीची आणि अंगोरा म्हणजे अंगोरा सशाची लोकर; या दोन्ही बाळाच्या कपड्यांना पूर्ण वर्ज्य. त्यांची लव सुटून नाकातोंडात जाते.

लेबलवर तीन गोष्टी पाहाव्यात. टक्केवारी पहिली. दुसरी वूलमार्कची खूण, लोकरीच्या गुंड्यासारखी दिसणारी काळ्या पट्ट्यांची आकृती, जी १९६४ पासून वापरात आहे; मूळ खूण शंभर टक्के नव्या लोकरीसाठी असते, मिश्रणांच्या खुणा वेगळ्या असतात. तिसरी ओएको-टेक्स स्टँडर्ड १००. ही १९९२ पासूनची चाचणी धाग्यातल्या हानिकारक रसायनांसाठी असते आणि तिचा पहिला वर्ग तीन वर्षांपर्यंतच्या बालकांच्या वस्तूंसाठी राखलेला आहे. बाळ बाही चोखतेच, त्यामुळे या खुणेला मी बाकी कशाहीपेक्षा जास्त मान देते. खूण नसेल तर निदान रंगाची परीक्षा करावी: धागा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून रात्रभर ठेवावा. लाल, काळा आणि गडद निळा हे रंग सोडण्यात पटाईत असतात, आणि पांढऱ्या अंगाला लाल बॉर्डर लावण्याचा मोह आपल्याला हमखास होतो.

धाग्याची घडण तपासायला मोकळे टोक घेऊन पीळ उलटा फिरवावा. पदर सुटे होतात. पीळ अगदी सैल असेल आणि पदर ओढल्यावर कापसासारखा तुटत असेल, तर त्या कपड्यावर गोळे धरणार. दोन बोटांत धागा वीस-पंचवीस वेळा चोळून पाहिला तरी कळते. तेवढ्यात लव उठली तर रांगत्या बाळाच्या कोपरांवर काय होईल याचा अंदाज येतो. खऱ्या लोकरीवरचे गोळे काही काळाने गळून पडतात, ॲक्रिलिकचा तंतू चिवट असल्यामुळे ते तिथेच लटकत राहतात. गुंड्यात मध्येच गाठ असेल तर ती दुकानात दिसत नाही, पण एका गुंड्यात दोन-तीन गाठी निघाल्या तर त्या मालाचे पुढचे गुंडे घेऊ नयेत.

दुकानदार ‘तीन पदरी, चार पदरी’ म्हणून लोकर देतात. पदर म्हणजे किती धागे एकत्र पिळले ती संख्या. त्यावरून जाडी कळत नाही, कारण बारीक चार पदर मिळून जाड एका पदरापेक्षा पातळ धागा होऊ शकतो. खरी जाडी पाहायला फूटपट्टीवर धागा न ताणता, एकाला एक चिकटून गुंडाळावा आणि एका इंचात किती वेढे बसले ते मोजावे. ११ ते १४ वेढे बसले तर परदेशी नमुन्यात ज्याला डीके म्हणतात ती जाडी. १५ ते १८ बसले तर ती ज्याला फोर-प्लाय म्हणतात ती बारीक लोकर. बाळाच्या स्वेटरला या दोनच पुरतात. डीके लवकर विणून होते. फोर-प्लायचा कपडा नाजूक दिसतो, पण नोव्हेंबरची मुदत डोक्यावर असताना तिच्या वाटेला जायला धीर हवा.

किती घ्यावी, याचे उत्तर ग्रॅममध्ये देणे फसवे असते. सूत लोकरीपेक्षा जड आणि लोकर ॲक्रिलिकपेक्षा जड. एका घन सेंटिमीटरला सूत साधारण १.५४ ग्रॅम, लोकर १.३१ आणि ॲक्रिलिक १.१७ भरते. म्हणजे नमुन्यात ॲक्रिलिक १५० ग्रॅम सांगितले असेल तर तोच कपडा त्याच जाडीच्या सुतात विणायला जवळजवळ २०० ग्रॅम लागेल. म्हणून मीटर पाहावेत. डीके जाडीची लोकर १०० ग्रॅममध्ये साधारण २०० ते २५० मीटर असते, फोर-प्लाय ४०० च्या आसपास. आपल्याकडच्या अनेक लेबलांवर मीटर नसतातच. मग दहा मीटर धागा मोजून तो स्वयंपाकघरातल्या बारीक काट्यावर तोलावा. साडेचार ग्रॅम भरला तर १०० ग्रॅममध्ये सुमारे २२० मीटर. सहा महिन्यांच्या मापाच्या डीके स्वेटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास, टोपीला चाळीस, मोज्यांना वीस-पंचवीस, आणि वर एक गुंडा शिल्लक, असा माझा हिशेब असतो. गुंडा २५ ग्रॅमचा आहे की ५० चा हेही पाहावे. दिसायला दोन्ही सारखे गुबगुबीत असू शकतात.

आता ६ नंबर. आपल्या आया-आज्यांच्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर आहेत आणि त्यांत नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन पद्धत नेमकी उलटी आहे. ब्रिटिश ६ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. अमेरिकन ६ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. तुमच्या नमुन्याला ४ मिलिमीटरची सुई हवी होती आणि तुम्ही ५ ची वापरली. तुकडा ढगळ व्हायलाच हवा होता. आईच्या डब्यात ८ नंबरची जोडी असेल तर तीच तुमची सुई, कारण ब्रिटिश ८ म्हणजे ४ मिलिमीटर. असेच ब्रिटिश १० म्हणजे ३.२५ आणि १२ म्हणजे २.७५, उलट अमेरिकन ८ म्हणजे ५ आणि अमेरिकन १० म्हणजे ६. यापुढे नंबर विसरून फक्त मिलिमीटर पाहावेत. भोकांची मापपट्टी स्वस्तात मिळते. जुन्या सुयांवरचा नंबर पुसला असेल तरी तिच्यावरून माप कळते.

सुया नव्या घ्यायच्या असतील तर फार खर्च करू नये. ॲल्युमिनियमच्या पोनी सुया भारतात पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेल्या आहेत आणि सुरुवातीला पुरेशा आहेत. लाकडी आणि गोल सुयांसाठी निटप्रो चांगली. तीही भारतातच बनते. मुंबईच्या दमट हवेत तळहात घामेजतात. घामट हातात धातूची सुई निसटते आणि लेप उडालेल्या जुन्या सुईने बोटे आणि फिकी लोकर दोन्ही काळपटतात. पोलादी सुया गंजतात; गंजाचा डाग सुतावरून निघत नाही. ढोबळ नियम असा की निसरड्या धाग्याला, म्हणजे मर्सराइज्ड सूत किंवा बांबूला, लाकडी किंवा बांबूची सुई घ्यावी आणि चिकटून चालणाऱ्या लोकरीला धातूची. सुई टेबलावर लोळवून सरळ आहे ना ते पाहावे, मग तिचे टोक जॉर्जेटच्या ओढणीवरून फिरवावे. कुठे अडले तर तिथे कंगोरा आहे आणि तो प्रत्येक टाक्यात लोकर ओढणार. गोल सुईत जिथे वायर सुईला जोडलेली असते तो सांधा नखाने तपासावा, कारण बहुतेक गोल सुया तिथेच दगा देतात. वायरचे वेटोळे सुटत नसेल तर मिनिटभर गरम पाण्यात धरून सरळ करावे. लोकलच्या लेडीज डब्यात विणणाऱ्यांसाठी तर गोल सुईच बरी: शेजारणीच्या बरगडीत टोक जात नाही आणि दादरला घाईने उतरताना एक सुई डब्यात राहत नाही.

खरेदी दोन फेऱ्यांत करावी. पहिल्या फेरीत एकच गुंडा घ्यावा आणि त्याच लॉटचे बाकीचे गुंडे आठवडाभर बाजूला ठेवायला सांगावेत. नेहमीचा दुकानदार ठेवतो. लॉट म्हणजे एका वेळी एका भांड्यात रंगवलेला माल. रंगाचा क्रमांक तोच असला तरी दुसऱ्या लॉटमध्ये छटा बदलते. ट्यूबलाइटखाली दोन गुंडे सारखे दिसतात, दुकानाच्या पायरीवर उन्हात आणले की वेगळे. माझ्या पहिल्या स्वेटरची एक बाही दुसऱ्या लॉटची आहे. घरात कोणाला ती कळली नाही, पण बागेत फोटो काढला आणि सगळ्यांना कळली.

त्या एका गुंड्यातून आधी चाचणीसाठी नमुन्याचा एक तुकडा विणावा. तीस टाके घालून एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा छत्तीस-चाळीस ओळी विणाव्यात, सुटा करावा, आणि मग तो लेक जसा धुणार तसाच धुवावा: सुताचा तुकडा रोजच्या कपड्यांबरोबर, सुपरवॉशचा मशीनमध्ये. वाळल्यावर मध्यभागी दहा सेंटिमीटरमध्ये टाके मोजावेत. काठ मोजू नयेत, तिथे ताण वेगळा असतो. हे काम कंटाळवाणे आहे हे मान्य, माझ्या वर्गातल्या निम्म्या बायका ते टाळतात. पण आकडे पाहा. सहा महिन्यांच्या बाळाची छाती साधारण ४३ सेंटिमीटर. पाच सेंटिमीटर मोकळीक धरून स्वेटरचा घेर ४८. दहा सेंटिमीटरला २२ टाके येत असतील तर १०६ टाके लागतील. तुमच्या हाताला २५ येत असतील आणि तरी १०६ च घातले तर घेर ४२ होतो, म्हणजे स्वेटर बाळापेक्षा लहान. २० येत असतील तर ५३. टाके जास्त आले तर सुई पाव-अर्धा मिलिमीटर जाड घ्यावी, कमी आले तर बारीक. टोरंटोचे सगळे माप सहा महिन्यांचे धरावे. तिथे पोचल्यावर थंडी आणखी दोन महिने तरी आहे आणि बाळ थांबणार नाही.

लोकर लडीत मिळाली तर ती आधी गुंडाळून घ्यावी लागते. माझी आई लड स्वतःच्या दोन गुडघ्यांवर ताणून बसायची आणि मला गुंडा करायला लावायची. गुंडा करताना अंगठा मध्ये ठेवावा आणि शेवटी काढून घ्यावा, म्हणजे लोकर ताणलेली राहत नाही. कचकचीत बांधलेल्या गुंड्यातून विणलेला कपडा पहिल्या धुण्यात आकसतो आणि दोष लोकरीला जातो.

बाकी सामान थोडे आहे. मोठ्या नेढ्याची बोथट सुई शिवणीसाठी, टाके धरायच्या दोन मोठ्या पिना, खुणेसाठी कडी, आणि टेप. कापडी टेप वर्षानुवर्षे ताणून लांब होतो. स्टीलच्या पट्टीशी एकदा जुळवून पाहावा. बटणे काजे विणून झाल्यावर, विणलेला भाग हातात घेऊन भुलेश्वरला आणावीत. चपटी, चार भोकांची बटणे निवडून ती लोकरीने न लावता पक्क्या दोऱ्याने लावावीत आणि लावल्यावर जोरात ओढून पाहावे. गळ्याशी नाडी किंवा रिबीन नको. मोज्यांना आणि हातमोज्यांना मोठ्या जाळीची नक्षी नको, आतून लांब सोडलेले धागेही नकोत. बाळाचे बोट त्यात अडकून आवळले जाते आणि ते कशामुळे रडते आहे हे कोणाला कळत नाही.

पावसाळ्यात आणलेली लोकर नोव्हेंबरपर्यंत सांभाळायची आहे. खऱ्या लोकरीला कसर लागते. पतंग लोकर खात नाही, त्याची अळी खाते. डांबराच्या गोळ्या मात्र बाळंतविड्याच्या जवळपासही ठेवू नयेत. त्यांतल्या नॅप्थलीनच्या वाफा कपड्यात मुरतात, आणि ज्या नवजात बाळांना जी६पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटतात व कावीळ धोक्याच्या पातळीला जाते. कमतरता आहे की नाही हे जन्माआधी माहीत नसते. लोकर पूर्ण कोरडी करून घट्ट तोंडाच्या पिशवीत ठेवावी. कसरीची शंका आली तर तीच पिशवी दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवावी आणि बाहेर काढल्यावर तापमान सारखे होईपर्यंत उघडू नये. सुताला कसर लागत नाही, पण ओलसर कपाटात बुरशी धरते.

टोरंटोच्या बॅगेत कपड्यांबरोबर एक पाकीट ठेवावे. त्यात लोकरीचे लेबल, चार-पाच मीटर धागा, एक जास्तीचे बटण आणि नमुन्याचा तो धुतलेला तुकडा असावा. पहिल्यांदा मशीन लावण्यापूर्वी लेकीने तो तुकडा एकदा तिथल्या मशीनमध्ये फिरवून पाहिला तरी चालेल.